लासलगाव : भावामागचे गाव

लासलगाव हे नाव ठाऊक नाही असा मराठी वर्तमानपत्राचा वाचक सापडणे कठीण. मात्र हे नाव ज्या वाक्यात येते ते वाक्य बहुधा एकच असते. लासलगाव बाजार समितीत आज कांद्याला क्विंटलमागे अमुक इतका सरासरी भाव मिळाला. कालच्यापेक्षा इतका कमी किंवा इतका जास्त. वाक्य तेथेच संपते. एखाद्या मापाचे नाव घ्यावे तसे गावाचे नाव घेतले जाते. त्या गावात माणसे राहतात, त्यांच्या नळाला पाणी किती दिवसांनी येते, तेथे वाढलेली मुले शिकून परत येतात की नाही, याची त्या वाक्याला गरज नसते.

लहान शहरांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते साधारणतः दोन प्रकारचे असते. एक म्हणजे गाव सोडून गेलेल्याने लिहिलेल्या आठवणी. त्यांत चिंचेची झाडे, शाळेतले मास्तर आणि स्थानकावरचा चहा असतो. दुसरे म्हणजे मोठ्या शहरातून आलेल्याने केलेली थट्टा. त्या गावात आजही राहणाऱ्या माणसाला तेथे राहणे का आवडते आणि का आवडत नाही, हा प्रश्न या दोन्ही प्रकारांत मागे पडतो. वरवर पाहता हा प्रश्न आवडीनिवडीचा वाटतो. लासलगावच्या बाबतीत तरी तो इतिहासाचा आहे असे मला वाटते, कारण तेथील गोडी आणि तेथील गाऱ्हाणे या दोहोंचे मूळ एकाच ठिकाणी सापडते.

लासलगावच्या चहूबाजूंची जुनी नावे पाहिली तर ते त्यांच्यात धाकटे दिसते. उत्तरेला चांदवड आहे. तेथे होळकरांचा रंगमहाल आहे आणि एके काळी त्यांची टांकसाळही होती. दक्षिणेला विंचूर, म्हणजे पेशवाईतील सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांच्या घराण्याचे ठाणे. पूर्वेच्या अंगाला येवला. पैठणीचे हे गाव तात्या टोपे यांचे जन्मगाव, आणि १९३५ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली तीही येथेच. पश्चिमेच्या अंगाला निफाड. तालुक्याची कचेरी तेथे. या मंडळींत लासलगावला सांगण्याजोगे राजकीय वैभव फारसे नाही. त्याला मोठे केले ते रेल्वेने.

१८६५ मध्ये थळ घाटातील लोहमार्ग सुरू झाला आणि मुंबई या प्रदेशाशी अखंड जोडली गेली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची ही वाट चांदवडला बाजूला ठेवून निफाड, लासलगाव, मनमाड अशी गेली. जहागिरीचे विंचूर रुळांपासून काही किलोमीटर अंतरावर राहिले. ज्या गावांना सरदारांनी मोठेपण दिले होते त्यांच्याकडे गाडी गेली नाही आणि जेथे गाडी थांबली तेथे माल गोळा होऊ लागला. शेतमालाच्या व्यापाराला वखारी लागतात, उधारीवर पैसा देणारा लागतो आणि माल लवकर हलवण्याची सोय लागते. स्थानक आल्यावर उरलेल्या दोन गोष्टी त्याच्यामागून आल्या. मारवाडी, गुजराती व्यापारी घराणी या पट्ट्यात स्थिरावली, त्यांच्या पेढ्या उभ्या राहिल्या आणि लासलगाव हे आसपासच्या खेड्यांसाठी ‘बाजाराचे गाव’ झाले.

यातला दुसरा टप्पा १९४७ चा. मुंबई प्रांतात शेतमालाच्या बाजारांचे नियमन करणारा कायदा १९३९ मध्ये झाला होता. स्वातंत्र्याच्या वर्षी लासलगावात कृषी उत्पन्न बाजार समिती स्थापन झाली. आज बाजार समिती म्हटले की आपल्या मनात राजकारण, संचालकांच्या निवडणुका आणि पॅनेले येतात. परंतु तिच्यामागचा मूळ विचार शेतकऱ्याच्या दृष्टीने फार मोठा होता. कापडाखाली बोटे धरून भाव ठरवण्याची हत्ता पद्धत, ज्याचा माल त्यालाच भाव न कळणे, व्यापाऱ्याच्याच काट्यावर वजन आणि त्यावर नाना प्रकारची कटती, असे व्यवहार देशातील कितीतरी बाजारांत चालत. त्या जागी तीन गोष्टी येणार होत्या : सर्वांसमक्ष लिलाव, अधिकृत काटा आणि लेखी हिशोबपट्टी. पुढे १९६३ मध्ये महाराष्ट्राचा स्वतःचा पणन कायदा झाला आणि ही चौकट पक्की झाली.

त्या चौकटीत कांदा का वाढला याचे उत्तर काही अंशी मातीत आणि हवेत आहे, काही अंशी शेतकऱ्याच्या हिशोबात. नाशिक जिल्ह्यात कांदा वर्षातून तीन वेळा येतो. पावसाळ्यात लावलेला लाल कांदा दिवाळीच्या मागेपुढे बाजारात येतो. त्यानंतर रांगडा येतो. थंडीत लावलेला उन्हाळ कांदा मार्चपासून काढणीस येतो. लाल कांदा टिकत नाही. तो काढला की विकावाच लागतो. उन्हाळ कांदा मात्र चाळीत चार-पाच महिने ठेवता येतो. म्हणजे शेतकऱ्याला थांबण्याची, भावाची वाट पाहण्याची थोडीशी मुभा मिळते. ज्याच्याकडे चाळ आहे तो थांबू शकतो. ज्याला कर्जाचा हप्ता भरायचा आहे तो थांबू शकत नाही. या दोघांच्या ट्रॉल्या एकाच रांगेत उभ्या राहतात आणि त्यांतून दिवसाचा भाव ठरतो.

ही रांग ज्याने पाहिली आहे त्याला लासलगावचे सकाळचे रूप सांगायला नको. गोण्यांचा बाजार आणि हा बाजार यांत मोठा फरक आहे. येथे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, पिकअपमध्ये मोकळा कांदा येतो आणि वाहने ओळीने उभी राहतात. व्यापाऱ्यांचा घोळका एकेका वाहनापाशी येतो, कोणी मूठभर कांदे उचलून पाहतो, बोली चढते आणि काही क्षणांत सौदा तुटतो. चार महिन्यांच्या कष्टाचे मोल ठरायला लागणारा वेळ इतका थोडा असतो की नवख्या माणसाला काय घडले तेही कळत नाही. मग वजनाचा काटा आणि मग व्यापाऱ्याचे खळे. तेथे मालाची निवड होते. मोठा माल वेगळा, गोल्टी वेगळी, खराब झालेली खाद वेगळी. निवडणाऱ्या बहुतेक बायका असतात. त्यांच्या हातांखालून गेलेला कांदा गोण्यांत भरून ट्रकने किंवा रेल्वेच्या वाघिणींतून बंगाल-आसामपर्यंत, दक्षिणेत आणि बंदरांकडे जातो. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘कांदा एक्स्प्रेस’ या नावाने सुमारे १६०० टन कांदा घेऊन जी गाडी दिल्लीला गेली, ती लासलगावहूनच निघाली होती.

आता आवडीचा भाग पाहू. लासलगावात राहणाऱ्याला गाव आवडते याचे पहिले कारण हे की येथे पैसा फिरतो आणि तो डोळ्यांसमोर फिरतो. सकाळी कांदा विकलेला शेतकरी दुपारी त्याच गावात कापड घेतो, औषधे घेतो, पंपाचा बिघडलेला भाग दुरुस्त करून घेतो, लग्नसराई असेल तर सोनाराच्या दुकानात जातो. डॉक्टर, शिंपी, चहावाला, खतांचा दुकानदार, शिकवणी घेणारा मास्तर, सगळ्यांच्या गल्ल्यात शेवटी त्याच पट्टीचा पैसा येतो. म्हणून येथील माणूस शेतकरी नसला तरी आजचा भाव त्याला ठाऊक असतो. शेजाऱ्याचे सुखदुःख कळायला त्याच्या घरी जावे लागत नाही. कांद्याचा भाव कळला की गावाचे निम्मे अंतरंग कळते. महानगरात शेजारच्या घरातील माणूस काय काम करतो हे वर्षानुवर्षे कळत नाही. येथे त्याची चाळ भरलेली आहे की रिकामी हेही ठाऊक असते. यातली जवळीक खरी आहे. तिचा जाच होतो हेही तितकेच खरे.

दुसरे कारण रेल्वे. १९७५ पासून मनमाड-मुंबई धावणारी पंचवटी एक्स्प्रेस लासलगावला थांबते. या एका थांब्याने किती घरे गावात टिकली असतील याचा हिशोब कोणी मांडलेला नाही, पण अनुमान करता येते. नाशिकला नोकरी किंवा महाविद्यालय आणि लासलगावला घर अशी व्यवस्था शक्य झाली. पहाटे उठून गाडी गाठायची, रात्री परतायचे. त्रास आहे, पण आईवडिलांचे घर सुटत नाही, शहरातले भाडे वाचते आणि मुलांना अंगण मिळते. लहान गावात थांबा ही फार मोठी मालमत्ता असते. म्हणूनच तो जाण्याची नुसती आवई उठली तरी एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्षही निवेदन घेऊन एकत्र जातात.

नावडीच्या यादीत पहिले पाणी येते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेला नांदूर-मध्यमेश्वरचा बंधारा याच तालुक्यात आहे. त्याच्या फुगवट्यावर इतके पक्षी येतात की २०२० मध्ये त्याला महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ होण्याचा मान मिळाला. तेथून निघणारे कालवे नगर जिल्ह्याकडे आणि मराठवाड्याकडे पाणी नेतात. लासलगावला त्याच जलाशयातून पाणी मिळते ते लासलगाव-विंचूरसह सोळा गावांच्या सामाईक नळयोजनेतून. जलवाहिनी फुटणे, वीज जाणे, देयक थकणे यांपैकी काहीही झाले की पाणी थांबते. नळाला कित्येक दिवस पाणी नाही आणि बायका हंडे घेऊन मोर्चाला निघाल्या, ही बातमी या गावाने इतक्यांदा दिली आहे की तिला आता बातमी म्हणावे की पंचांग, असा प्रश्न पडावा. पक्षी हजारो कोसांवरून त्या पाण्यावर येतात आणि काही कोसांवरच्या गावाला त्याची वाट पाहावी लागते, हे दृश्य चमत्कारिक आहे खरे.

दुसरी नावड रस्त्यांची. सकाळी बाजाराकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांच्या रांगेत शाळेची मुले, रुग्ण आणि स्थानकाकडे निघालेला नोकरदार सारखेच अडकतात. उन्हाळ्यात धूळ आणि कांद्याची उडणारी पत्ती, पावसाळ्यात सडलेल्या कांद्याचा वास. तक्रार करणाऱ्याला हे ठाऊक असते की ही रांग ज्या दिवशी दिसणार नाही त्या दिवशी त्याच्याही दुकानात कोणी येणार नाही. त्यामुळे तक्रार अर्ध्यावर थांबते.

या दोन्ही गाऱ्हाण्यांच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते : गाव कोणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न. महसुलाच्या दृष्टीने लासलगावचा तालुका निफाड. मतदारसंघांच्या २००८ च्या पुनर्रचनेनंतर विधानसभेसाठी ते येवल्यात, लोकसभेसाठी दिंडोरीत आणि जिल्ह्याचे ठिकाण साठेक किलोमीटरवरचे नाशिक. एका कामासाठी चार दिशांना जावे लागते. शहराची गर्दी, शहराची वाहने आणि शहराचा कचरा येऊन पडला, तरी कारभार दशकानुदशके ग्रामपंचायतीच्या चौकटीतच चालला. ग्रामपंचायतीचे उत्पन्न म्हणजे मुख्यतः घरपट्टी आणि पाणीपट्टी. बाजारातील उलाढालीवर जी फी आकारली जाते ती बाजार समितीची. समितीचे कार्यक्षेत्र कितीतरी गावांचे आहे, आणि ते तसेच असायला हवे, कारण बाजार शेतकऱ्यांसाठी आहे. तिच्या निवडणुकीत सोसायट्यांचे आणि ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी, व्यापारी आणि हमाल-मापाडी यांचे मतदारगट असतात. केवळ लासलगावात राहतो म्हणून कोणाला तेथे मत नसते. गावातला शिक्षक, शिंपी किंवा खळ्यावर कांदा निवडणारी बाई यांच्या आयुष्याची वेळ ज्या संस्थेच्या घड्याळावर चालते, त्या संस्थेत त्यांना बोलायला जागा नाही. अमावास्येला लिलाव न करण्याची जुनी प्रथा अलीकडच्या वर्षांत मोडली गेली. निर्णय शेतकऱ्याच्या सोयीचा होता आणि योग्यच होता. पण गावाच्या सुटीचा दिवस कोणता हेदेखील बाजारच ठरवतो, एवढे त्यातून दिसते.

आणि बाजाराचे तरी स्वतःवर कोठे चालते? त्याच्यावर दिल्ली आहे. १९८० च्या लोकसभा निवडणुकीत कांद्याचा भाव हा प्रचाराचा विषय झाला आणि इंदिरा गांधी सत्तेवर परतल्या. १९९८ च्या नोव्हेंबरात दिल्ली राज्यातील सत्ता पालटली तेव्हा महागलेला कांदा हे त्याचे एक मोठे कारण मानले गेले. या दोन घटनांतून राज्यकर्त्यांनी एक धडा कायमचा घेतला : शहरातील ग्राहकाला कांदा महाग पडता कामा नये. उत्पादकाची बाजूही त्याच १९८० मध्ये उभी राहिली होती. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने चाकणहून सुरू केलेले कांद्याचे आंदोलन नाशिक जिल्ह्यात उसासह पेटले, नोव्हेंबरात रस्ते आणि रेल्वे रोखली गेली आणि निफाड तालुक्यातील खेरवाडी येथे पोलिसांच्या गोळीबारात दोन शेतकरी मृत्युमुखी पडले. खेरवाडी हे याच लोहमार्गावरचे स्थानक. ज्या रुळांनी या भागाला बाजार दिला, त्याच रुळांवर त्या बाजाराचा भाव मागण्यासाठी माणसे बसली होती.

त्यानंतरच्या काळात आदेशांची मालिका संपली नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्यातबंदी, सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा निर्यातबंदी, ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा बंदी. ती मे २०२४ मध्ये उठली, पण शुल्क राहिले. ते पूर्णपणे गेले १ एप्रिल २०२५ रोजी. याउलट भाव कोसळतो तेव्हा इतक्या तत्परतेने कोणी आदेश काढत नाही. २०१८ च्या अखेरीस निफाड तालुक्यातील एका शेतकऱ्याला साडेसातशे किलो कांद्याचे १०६४ रुपये मिळाले आणि त्याने ती रक्कम मनीऑर्डरने पंतप्रधानांना पाठवून दिली. त्या घटनेची देशभर चर्चा झाली. भाव मात्र चर्चेने वाढत नाही.

अशा आदेशांचा गावावर काय परिणाम होतो हे सप्टेंबर २०२३ मध्ये दिसले. निर्यातशुल्क आणि इतर मागण्यांवरून जिल्ह्यातील व्यापाऱ्यांनी लिलाव थांबवले आणि हा बंद १३ दिवस चालला. वर्तमानपत्रांनी त्याचा हिशोब कोट्यवधींच्या ठप्प उलाढालीत मांडला. राहणाऱ्याच्या दृष्टीने हिशोब निराळा होता. हमालाची रोजची मजुरी बंद, निवडणाऱ्या बाईची बंद, चहाच्या टपरीवर गिऱ्हाईक नाही, चाळीत कांद्याला मोड फुटत आहेत. एरवी ज्या रस्त्यावरील गर्दीविषयी तक्रार, तो रस्ता मोकळा होता आणि ते मोकळेपण कोणालाच नको होते.

लासलगावच्या नशिबाचा आणखी एक नमुना सांगण्याजोगा आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये येथे ‘कृषक’ हे विकिरण केंद्र सुरू केले. कोबाल्ट-६० पासून निघणाऱ्या गॅमा किरणांचा अल्प मारा केला की कांद्याला मोड येत नाहीत; तो अधिक काळ टिकतो. शेतकऱ्याची थांबण्याची मुभा वाढावी असे हे विज्ञान होते. प्रत्यक्षात या केंद्राला जगात नाव मिळाले ते हापूस आंब्यामुळे. २००७ मध्ये अमेरिकेने भारतीय आंब्याला दार उघडले. अट एवढीच की मान्यताप्राप्त केंद्रात त्यावर किरणांचा मारा झालेला असावा. तशी मान्यता लासलगावच्या केंद्राला मिळाली. मग कोकणातील आंबा घाट चढून कांद्याच्या गावी येऊ लागला आणि तेथून अमेरिकेला जाऊ लागला. पुढे वाशीतही अशी सोय झाली. कांद्यासाठी उभारलेल्या यंत्राने आंब्याचा प्रश्न सोडवला आणि कांदा पूर्वीसारखाच चाळीत मोड धरत राहिला, कारण कमी भावाच्या मालाला प्रक्रियेचा आणि त्यानंतरच्या शीतगृहाचा खर्च सहज पेलत नाही. ‘लासलगाव कांदा’ या नावाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. नावाचा मान मिळण्यात हे गाव कधी कमी पडले नाही.

स्पर्धाही वाढली आहे. मुंबई-आग्रा महामार्गावरचे पिंपळगाव बसवंत हे ट्रकच्या युगाचे अपत्य. आवकेत ते लासलगावला अनेकदा मागे टाकते. रेल्वेने चांदवड-विंचूरच्या बाबतीत जे केले तेच रस्ता उद्या लासलगावच्या बाबतीत करील काय, ही भीती गावातील जाणत्यांना असणे स्वाभाविक आहे. ‘आशियातील सर्वांत मोठी कांदा बाजारपेठ’ ही ओळ इतक्या आवर्जून का उच्चारली जाते, ते या भीतीकडे पाहिले की समजते.

मग येथे राहणारा काय म्हणेल? माझी समजूत अशी आहे की त्याची आवड आणि नावड वेगळी काढता येत नाही. त्याला गाव आवडते कारण ते बाजाराचे आहे : ओळखीचे, हलते, रोखीचे. त्याला गाव नकोसे होते तेही ते बाजाराचेच आहे म्हणून. भाव दिल्ली ठरवते, आवार समितीचे, पाणी सोळा गावांचे, आमदार येवल्याचा आणि तहसीलदार निफाडचा. राहणाऱ्याच्या हाती उरते ती घरपट्टी. मोठ्या शहरातील नागरिकाचेही सर्वत्र चालते असे नाही, पण त्याला निदान महापालिकेला शिव्या देता येतात. येथे शिवी कोणाला द्यायची हेच निश्चित नाही.

यावर उपाय म्हणून नुसती नगरपालिकेची पाटी लावून भागणार नाही. ज्या गावाच्या रस्त्यांवरून देशाचा कांदा जातो, त्या गावाच्या रस्त्यांचा, गटारांचा आणि नळांचा थोडा भार त्या कांद्याच्या उलाढालीने उचलावा, एवढी मागणी अवाजवी नाही. आणि तो वाटा शेतकऱ्याच्या पट्टीतून कापला जाऊ नये, ही अट त्याहून महत्त्वाची. १९४७ च्या बाजाराने शेतकऱ्याला सर्वांसमक्ष भाव, अधिकृत काटा आणि लेखी पट्टी देण्याचे कबूल केले. ते वचन कितपत पाळले गेले यावर वाद होऊ शकतो, परंतु वचन निदान दिले गेले. बाजाराभोवती राहणाऱ्यांना असे कोणतेही वचन आजवर कोणी दिलेले नाही. तरीही ते राहतात, पहाटेची गाडी धरतात, रात्री परततात आणि उतरल्या उतरल्या फलाटावर कोणाला तरी विचारतात : आज काय निघाला?